उणे अडतीस

मंगळवार, ६ मे

उणे अडतीस! पाण्यात आर्सेनिक उणे असूच कसं शकतं?

राजधानीहून, लिमाहून, आमच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली आली होती. म्हटलं, बघू तरी! नमुन्यांच्या रांगेत एक पेला तिचाही ठेवला. यंत्र आपलं आपण एकेक पेला शोषतं, आकडे छापतं. छापलं — उणे अडतीस. तीनदा तेच!

हिलारियो साहेबांनी मान वर केली नाही. "नेलिदा, उणे आलं की शून्य लिहायचं. आजवर लिहीत आलीस ना?"

आले. सहा वर्षं.

बुधवार, ७ मे

यंत्र बिचारं खरंच बोलतंय! त्याला शून्य म्हणजे काय ते आम्ही सांगतो — रोज सकाळी, इथल्याच नळाचं पाणी फिल्टरमधून गाळून. आज फिल्टर उघडला. शेवटचा बदलल्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची! तो काहीच अडवत नाही. म्हणजे शहराचं पाणी आम्ही शहराच्याच पाण्याशी ताडून बघतोय. शून्य येईल नाहीतर काय! मी गाढव. शुद्ध गाढव.

शुक्रवार, ९ मे

लिमाचं पाणी शून्य धरून सगळं पुन्हा लावलं. शहराचा नळ: अडतीस. दहाच्या वर पिऊ नये म्हणतात! आणि माझ्या गावचा झरा: आर्सेनिक शून्य. खरंखुरं शून्य.

तोच झरा पाच वर्षांपूर्वी मी बंद करायला लावला. मेंढ्यांच्या वाड्यामुळे नायट्रेट जरासं वाढलं होतं, एवढंच. वाडा हलवला असता तरी भागलं असतं! पण मी गावसभेत अहवाल फडकवला, शहराचा नळ गावात आणवला. आई भर सभेत कडाडली होती, "आमच्या पाण्याला काय धाड भरलीय गं? दोन बुकं शिकलीस म्हणून झऱ्याला नावं ठेवतेस?" आणि मी ऐटीत — आई, यंत्र खोटं बोलत नाही!

साहेब म्हणतात, "लिमाला पत्र टाकू. उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

शनिवार, १० मे

उघडलं. शहराच्या रेडिओवर सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. नोकरी गेल्यातच जमा. डोंगरापलीकडे रेडिओ लागत नाही. उद्या स्वतः गावी जाते.

रविवार, ११ मे

आज मातृदिन. आईसमोर बसले. विचारलं, "पाणी कुठलं पिता गं?"

ती ओशाळून हसली. "ओरडू नकोस हं. आम्ही सगळे अजून झऱ्याचंच पितो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

जीव भांड्यात पडला. रडूच आलं. आई घाबरली, मला जवळ ओढून समजावायला लागली —

"अगं, तुझा शब्द अगदीच नाही मोडला. गावातल्या तान्ह्या बाळांना नळाचंच देतो. झऱ्याचा एक थेंब नाही."