कोऱ्या स्फटिकांची लाली

३ मार्च
कोरे स्फटिक चमकले! जे किरणांच्या खोलीत कधी गेलेच नाहीत, तेच! आम्ही घडवलेल्या स्फटिकाने किरण खाल्ले की आत रंगकेंद्रं तयार होतात, आणि निळा प्रकाश टाकला की ती लाल उजेड देतात. कोऱ्यांनी गप्प बसायला हवं. तुलनेसाठीच तर ठेवलेत. तेच बाटले असतील तर माझी चार वर्षं पाण्यात.

४ मार्च
सर म्हणाले, "पाकिटं कोण बांधतं?" प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी. प्रत्येक स्फटिक काळ्या कागदात, वर तारीख — अकरा वर्षं हेच काम. "मग अदलाबदल त्यांचीच." मला पटलं. खरं तर पटवून घेतलं. चूक माझी निघाली नाही, म्हणून हायसं वाटलं.

६ मार्च
मावशींना विचारलं. विचारलं कसलं, झापलंच. "बाई, कागदाची घडी बघा. माझी घडी मी ओळखते. पाकीट कुणी उघडलेलं नाही." मी म्हटलं, घड्या नका शिकवू मला. शी! किती तोडून बोलले.

१० मार्च
तक्रारीवर सही केली.

११ मार्च
मावशींना काढलं. त्यांची उशी खुर्चीवरच राहिली.

१७ मार्च
चैन पडेना, म्हणून कपाटातले सगळे कोरे तारखेप्रमाणे तपासले. यंदाचे गप्प. दोन वर्षांपूर्वीचे जरासे. सहा वर्षांपूर्वीचे सगळ्यांत लाल! अदलाबदलीत असा क्रम कुठून येणार? जितके दिवस कपाटात, तितकी लाली.
कपाट ज्या भिंतीला आहे, तिच्यापलीकडे किरणांची खोली. तशीच सुरक्षा विभागाला फोन लावला.

१८ मार्च
सुरक्षा अधिकारी किरणमापक घेऊन आले. पलीकडे किरणांचा स्रोत आवरणातून वर काढला आणि भिंतीतल्या नळाच्या भोकापाशी काटा हलला. खोलीला लगेच कुलूप.
"इथं कोण बसतं?" कपाटाला लागूनच मावशींची खुर्ची, पाठ भिंतीला टेकलेली. किरण मोजणारा बिल्ला आम्हा सगळ्यांच्या छातीवर. मावशींना कधी दिलाच नाही — त्या आत जात नाहीत ना, म्हणून! सर खाली बघत होते. मीही.

१९ मार्च
मावशींच्या घरी गेले. दारातच विचारलं त्यांनी, "माझी पाकिटं बरोबर होती ना?" हो म्हटलं. केवढ्या हसल्या! सुनेला हाक मारून सांगितलं. भिंतीतून येणाऱ्या किरणांचं अजून सांगायचंच होतं.
"मग सोमवारपासून येते, बाई. माझी खुर्ची कुणाला दिली नाहीत ना?"