दुसरी चूल

माय, दुष्काळाच्या त्या वर्षी तू गावच्या दवाखान्यात नर्स होतीस आणि सरकारी दुधाची भुकटी चुलीवरच्या हंड्यात कालवून शाळेच्या ओट्यावर पोरांना दूध पाजायचीस. त्याच उन्हाळ्यात शेतांमधल्या धुऱ्यावरून, एका बांधावरून, वरच्या आणि खालच्या गल्लीत डोकी फुटली. दोन्हीकडचे टाके तूच घातलेस. मग खालच्या गल्लीचे म्हातारे आले. "शिस्टरबाई, आमच्या लेकराईले वेगळं दूध द्या. त्याईच्या पोराईसंगं नाही बसत आमचे." तालुक्याच्या साहेबांना तंटा नको होता. जानेफळच्या एस.टी.च्या टपावरून दुसरा हंडा आला, दुसरी चूल पेटली, सगळे खूश. थोड्याच दिवसांत पोरं खेळताना एकमेकांना विचारू लागली, "तू कोन्या चुलीचा बे?"

ते तुझ्या कानावर पडलं आणि दुसरी चूल तू विझवलीस. खालच्या गल्लीचं एकही पोर मग आलं नाही. त्यांत एक मुलगी होती, भुकेनं पाय सुजलेली, हाक मारली तरी मान न उचलणारी. मी तुझ्या मागे लागले, गुपचूप तिच्या घरी दूध नेऊन दे म्हणून. तू चिडलीस. "मी घरी नेलं तं चुली दोनच राहतीन. तिची आजी आनन तिले. थांब जरासं." तुला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्याच्यानं राहवलं नाही. पदराखाली लोटा धरून निघालीस, मी मागोमाग.

दारात आजी उभी. मुलगी कडेवर, हातात पेला, पायात वहाणा. "तुमी काऊन आल्या बाई? मीच ओट्यावर येऊन राह्यली होती."

तू दूध दिलंस. ती मुलीला घेऊन आत गेली. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की शिस्टर घरी आणून देते, मग ओट्यावर कुणी येईना, आणि साहेबांनी दुसरी चूल पुन्हा पेटवायला लावली. मुलगी जगली. गल्ल्यांचं बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच, लग्नाची बोलावणीसुद्धा बंद झाली.

शेवटच्या दुखण्यातही तू म्हणायचीस, "घडीभर थांबाले पाह्यजे होतं मी." मी हो म्हणायची. आता मीही याच कामात आहे, आणि तुझं म्हणणं किती खरं होतं ते मला रोज कळतं. तरी, माय, तुझ्या तोंडावर कधी बोलता आलं नाही ते इथे लिहिते: त्या पायांकडे पाहून मी आदल्या दिवशीच गेले असते.