परत न केलेली मेमरी

६ नोव्हेंबर २०००, सोमवार. पहाटे ५.२०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. संकल्प तीन. रोज पाचला उठणे. ऑफिसला निघण्यापूर्वी कर्नलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्याच्या, कोडची दहा पानं वाचणे. कोणाबद्दल वाईट न लिहिणे.

उठायला पाच-वीस झाले. पण घड्याळ पुढे आहे असं माझी बायको नंदाच म्हणते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मोठा दिवस. आमचा बॉक्स आज दूध संकलन केंद्रावर बसला. खडकवासल्याच्या पुढचं गाव. शेतकऱ्यानं कॅन काट्यावर ठेवायचा, बॉक्सनं वजन वाचून पावती छापायची, एवढंच काम. पण काटा आणि बॉक्स यांच्यामध्ये जो ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारा प्रोग्रॅम, असतो तो माझा. तो कर्नलच्या आत चालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेला माणूस. कारखान्यात वीस वर्षं वजनकाटे जुळवले, स्वेच्छानिवृत्तीनंतर शेचाळिसाव्या वर्षी क्लास लावून सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला, आणि आज कर्नलच्या आत. पुण्यात असे किती असतील? गर्व नाही. देवाची कृपा. पण किती असतील?

८ नोव्हेंबर, बुधवार

गजर झाला नाही. कोड उद्यापासून.

नंदाला माझं काम समजावून सांगितलं. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. प्रोग्रॅमला मेमरी लागली की त्याच्याकडे मागायची, काम झालं की परत द्यायची. एखादा प्रोग्रॅम न देताच मेला, तरी कारभारी त्याचं सगळं काढून घेतो. नंदा मेथी निवडत होती. म्हणाली, मग खुद्द कारभाऱ्याच्या घरातल्यांनी घेतलेलं कोण परत मागतं? म्हटलं, कोणी नाही. आत काम करणाऱ्यांवर विश्वास असतो. ती म्हणाली, अस्सं. आणि परत मेथी निवडायला लागली.

तांत्रिक विषय तिला रुचत नाहीत. माझा ड्रायव्हर आतलाच. कॅन काट्यावर आला की तो मेमरीचा एक तुकडा घेतो, आकडा स्थिर झाला की पावतीकडे पाठवतो आणि तुकडा परत करतो. कम्पाइल करण्यापूर्वी, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलण्यापूर्वी, मी नेहमी एक माळ जप करतो. असा ड्रायव्हर चुकायचा कसा?

१० नोव्हेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी बॉक्स बंद पडला. केंद्राचे सेक्रेटरी रावसाहेब यांचा ऑफिसात फोन. म्हणाले, सायेब, तुमचं येंत्र मुकं झालं. बॅटरीची वायर काढून परत जोडली, तर बोलायला लागलं. लाइट जाण्याचा प्रश्न नाही, आत बॅटरी आहे.

वायरच सैल असणार.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा चार दिवसांनी बंद. वायर घट्ट होती.

आमचे साहेब श्रीनिवास माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, सदाशिव पेठेतले. सगळ्यांसमोर म्हणाले, उत्तरेश्वरराव, बॉक्स चारच दिवस चालतो, तर मग चारच दिवस दूध देणाऱ्या म्हशी शोधू का? सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या मनानं घेतलं. दुपारी डबा गेला नाही.

उत्कर्षा म्हणून एक मुलगी आमच्याकडे टेस्टिंग करते. परभणीकडच्या खेड्यातली, इथे धायरीत आमच्याच गल्लीमागे तीन मुलींत खोली घेऊन राहते. नोकरीत अजून कायम नाही. सहा महिने तीस तारखेला भरतात. ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, सर, सापडलं. आकडा स्थिर व्हायच्या आत कॅन उचलला तर तुमचा कोड दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो, आणि त्या वाटेवर मेमरी परत करायची राहून गेलीय. दर वेळी एक तुकडा जातो. चार दिवसांत सगळी मेमरी संपते.

मी शांतपणे विचारलं, कॅन उचलेल कोण? ती म्हणाली, सगळे. म्हटलं, बाळ, मी खेड्यातला आहे. काट्यावर भांडं ठेवल्यावर सेक्रेटरी हो म्हणेपर्यंत माणूस हात जोडून उभा राहतो. ती म्हणाली, सर, मीही खेड्यातलीच आहे. आमच्याकडे उचलतात.

परभणीकडे उचलत असतील.

तिला पुढेही बोलायचं होतं. मला कम्पाइल करायचं होतं, म्हणून जपाला बसलो.

१५ नोव्हेंबर, बुधवार

उपाय सापडला! मेमरी संपते, तर मेमरी वाढवायची. साहेबांकडून चिठ्ठी घेऊन बुधवार पेठेत गेलो, दुप्पट मेमरी आणली. येताना दगडूशेठच्या पायरीला मेमरीची पुडी लावली. दुपारी केंद्रावर जाऊन बसवली. दूध घालणारे सकाळ-संध्याकाळ येतात, त्यामुळे केंद्रावर शुकशुकाट. परिसर पवित्र वाटला.

साहेब म्हणाले, म्हणजे टाकीला भोक आहे म्हणून तुम्ही मोठी टाकी आणलीत. त्यांचा स्वभाव तसा आहे. संकल्प तीन लक्षात आहे, म्हणून पुढे लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

पाचवा दिवस. बॉक्स चालू. ज्ञानाला श्रद्धेची जोड लागते, हे आजकालच्या मुलांना कोणी सांगत नाही.

उत्कर्षा भाजीवाल्याकडे भेटली. नंदानं चहाला बोलावलं. चहा घेताना नंदाला म्हणाली, काकू, कायमचं पत्र मिळालं नाही तर वडील घरी बोलावून घेणार आहेत. स्थळ बघून ठेवलंय. मुलगा बरा आहे, पण मला अजून काम करायचंय. नंदा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, देवावर भार टाक.

तिनं कपबशी स्वतः विसळून ठेवली. चांगली मुलगी आहे. फक्त घाई फार.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाव्या दिवशी बंद. सकाळी साडेसहाला, केंद्रावर रांग असताना. रावसाहेब फोनवर ओरडत होते. म्हणाले, वायर काढून लावली तर आता पावतीवर कालची तारीख येती, मान्सं माझ्या अंगावर येत्यात, म्हशी काय तुमच्यासाठी थांबायच्या न्हाईत!

तरीही शांतपणे पाहिलं तर चारावरून दहा. प्रश्न साठ टक्के सुटलेला आहे.

दूध संघाला लेखी कारण हवं आहे: दोष कोणाचा. साहेब म्हणाले, ड्रायव्हर तुमचा, तुम्हीच लिहा. उद्या द्या.

२५ नोव्हेंबर, शनिवार

उपास होता. डोकं स्वच्छ होतं. रिपोर्ट लिहिला.

मुद्दा असा. केंद्रावर गेलेला हा बॉक्स आधी उत्कर्षाच्या टेबलावर होता. तिने पितळी वजनं ठेव-उचल, ठेव-उचल असं हजारदा केलं. असं प्रत्यक्षात कोणी करत नाही. यंत्रावर अकारण ताण पडला असला पाहिजे. मी 'असला पाहिजे' असं लिहिलं होतं. वाक्य ढिलं वाटलं, म्हणून 'पडला आहे' केलं. शेवटी 'टेस्ट करणाऱ्या व्यक्तीत संयमाचा अभाव' असं लिहिलं. नाव मुद्दाम टाकलं नाही. टेस्ट करणारी ती एकटीच आहे हे खरं, पण नाव टाकणं बरं दिसत नाही.

लिहिताना मनात द्वेष नव्हता, हे इथे नमूद करतो.

नंदानं विचारलं, तिचं म्हणणं एकदा करून तरी बघितलंत का? म्हटलं, एक ओळ घालायला दोन मिनिटं लागतात, पण प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, उपास सोडा आता.

३० नोव्हेंबर, गुरुवार

उत्कर्षाला कायम केलं नाही.

साहेबांनी तिला आत बोलावलं, दहा मिनिटांत ती बाहेर आली. टेबल आवरलं. मग माझ्याकडे आली. मी स्क्रीनवर काहीतरी वाचत होतो. म्हणाली, काका, येते. ऑफिसात आजवर तिने मला सर सोडून काही म्हटलं नव्हतं. मग म्हणाली, एकदा सकाळी केंद्रावर जाऊन नुसते उभे राहा.

डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला काही बोलता आलं असतं.

जाणार आहे मी केंद्रावर. तिलाही कळू दे की खेडं मला माहीत आहे.

संध्याकाळी जपात चार वेळा मणी चुकला.

२ डिसेंबर, शनिवार. दुपार

पहाटे पहिल्या एसटीनं केंद्रावर गेलो. थंडी होती. कोपऱ्यात उभा राहिलो.

पहिली बाई आली. रावसाहेबांनी तिला दुर्गाबाई अशी हाक मारली. तिने कॅन ठेवला, लगेच उचलला, काट्याकडे टक लावून पाहिलं, मग परत ठेवला. वाटलं, बाईचा हात अवघडला असेल. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही. एक पोरगेला गडी तर दोनदा करून गेला.

पुढे होऊन दुर्गाबाईंना विचारलं, बाई, कॅन का उचलता? त्यांनी मला वरून खाली पाहिलं. म्हणाल्या, उचलल्यावर काटा शून्यावर येतोय का ते बघाया नको व्हय? म्हटलं, यंत्रावर विश्वास नाही? त्या म्हणाल्या, येंत्रावर हाय की. त्ये बशिवणाऱ्यावर न्हाई. मागची माणसं हसली. रावसाहेबसुद्धा. म्हणाले, आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत हाय सायेब. माझा बा काट्यावर बसायचा तवापासनं असंच करत्यात, त्यालाबी कोन सोडत नव्हतं.

एकसष्ट जण आले. एकसष्ट जणांनी उचलला.

आमच्या गावात असं कोणी करत नसे. म्हणजे, आई करायची. धान्य मापायला गेली की पायली रिकामी करून, उलटी ठोकून बघायची. पण ती स्वभावानंच संशयी होती.

शेजारचे काका करायचे. त्यांचं जाऊ दे.

मास्तरीणबाई करायच्या.

एसटीत बसायला जागा मिळाली तरी उभाच राहिलो.

४ डिसेंबर, सोमवार

एक ओळ घातली. दोन मिनिटंही लागली नाहीत. आज जप न करता कम्पाइल केलं. तरी झालं.

संकल्प: साहेबांना सगळं सांगणे. आधी बॉक्स नीट चालतो का ते बघून, म्हणजे पक्कं सांगता येईल.

९ डिसेंबर, शनिवार

चालतो आहे. दहा दिवस होऊ देत.

उत्कर्षा गल्लीत दिसली. मी वाण्याच्या दुकानात शिरलो. साखर घ्यायची होतीच. घरी आल्यावर नंदा म्हणाली, साखर काल आणलीय.

१५ डिसेंबर, शुक्रवार

अकरा दिवस बॉक्स बंद पडलेला नाही. दूध संघाला असे चाळीस बॉक्स हवे आहेत. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, काय बदललंत?

मी एका दमात सांगितलं. उचललेला कॅन, राहिलेली मेमरी, दुर्गाबाई. माझ्याकडून झालं, असंही म्हणालो, पण तेव्हा बाहेर फोन वाजत होता, ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, उत्कर्षानं हे मला तीस तारखेला इथेच, या खुर्चीत बसून सांगितलं. ओळ नंबरासकट. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काय? एकीकडे तिचं बोलणं, दुसरीकडे तुमची सही. मी सहीकडे गेलो. तीही चूकच, पण ती माझी. मी बघेन.

मग म्हणाले, तिची खोली महिनाअखेरपर्यंत आहे, ती अजून गावी गेलेली नाही. चाळीस बॉक्स टेस्ट करायला माणूस मला लागणारच. सोमवारी बोलावतो तिला. पण तुमच्या रिपोर्टची प्रत संघाकडे गेलीय, त्यात टेस्ट करणाऱ्याला दोष दिलाय. तो तुम्ही लेखी मागे घ्या, म्हणजे तिला सन्मानाने बोलावता येईल. घेता?

छातीवरचं ओझं उतरलं. देव इतकं सरळ दार उघडतो! म्हटलं, अहो, घेता काय, आनंदाने घेतो.

१७ डिसेंबर, रविवार

देवापुढे दिवा लावला आणि लिहायला बसलो. मनात कुठलाही किंतु नाही.

पहिला खर्डा: 'चूक माझी होती. उत्कर्षा यांनी ती वेळीच दाखवली होती. मी ऐकलं नाही आणि दोष त्यांच्यावर टाकला.' वाचून पाहिलं. खरं होतं, पण पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी जरा भावनिक वाटतं. संघाचे लोक काय म्हणतील?

दुसरा खर्डा: 'चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती. ती टेस्टिंगमध्ये लक्षात आली होती.' हे बरं आहे. पण चाळीस बॉक्स त्याच ड्रायव्हरवर चालणार. संघाला उगाच शंका यायची. कंपनीचं नुकसान करण्याचा मला काय अधिकार?

तिसरा: 'चूक ड्रायव्हरमध्ये होती.'

नंदा म्हणाली, जेवायला चला. जेवून आलो. चौथा: 'पूर्वीच्या रिपोर्टमधील दोष दूर करण्यात आला असून बॉक्स आता सुरळीत चालत आहे.'

हे वाचून फार बरं वाटलं. सोपं आणि सुटसुटीत. कोणाबद्दल वाईट नाही. खाली सही केली. पहिले तीन कागद फाडले.

१८ डिसेंबर, सोमवार

कागद साहेबांना दिला. त्यांनी वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.

म्हणाले, यात उत्कर्षाचं नाव कुठे आहे?

म्हटलं, तिला कशाला ओढायचं यात?

साहेबांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कोणाला तरी फोन लावला. टेस्टिंगच्या जागेची जाहिरात द्यायची आहे, मुलगा असला तरी चालेल, असं काहीसं बोलत होते.