पंपाच्या पेटीतला शॉर्ट

शनिवार, ३ मे १९८६, लातूर
कॉलनीचा पंप बंद. काल संध्याकाळपर्यंत चालू होता. पेटी उघडली तर एकही दिवा लागत नाही, हिरवा नाही की लाल नाही. मेकॅनिक गुरुलिंग आला, नाक खुपसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कार्ड जळालं, बाई. हैदराबादहून मागवावं लागतंय. तंवर टँकर लावा." टँकर कुणाचा? याच्या मेव्हण्याचा. मी तोंडावर सांगितलं, न हुंगता न मोजता जळालं कसं कळलं तुला? चेअरमन साहेबराव मध्ये पडले, "बाई, उन्हात कशाला डोकं तापवून राहिलात."
जिल्हा झाला, कलेक्टर आला, बंगले आले. पाणी तेवढं यायचं राहिलं.

रविवार, ४ मे
पेटीतलं सर्किटचं कार्ड काढून घरी आणलं. गुरुलिंग हसला, "टेलिफोनबाई आता पंप बोलवणार!" हसू दे. नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली ती काय फक्त 'नंबर प्लीज' म्हणण्यात? लाइनमध्ये दोष निघाला की इंजिनियर साहेब चहाला जायचे आणि मी मीटर घेऊन बसायचे.
हे कार्ड साधंच आहे. बोअरमध्ये दोन तारा सोडल्यात. पाणी त्यांना लागलं तर पंप चालू द्यायचा, नाही लागलं तर लाल दिवा लावून बंद करायचा. मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून.
जळल्याचा वास नाही. डाग नाही.

सोमवार, ५ मे
टँकर आला नाही. उमादेवीने तिच्या रांजणातलं अर्धं पाणी मला ओतून दिलं. पंपाची पेटी तिच्याच भिंतीला आहे, किल्ली तिच्याकडे. एरवी तोंड बंद नसतं तिचं. आज पाणी ओतलं आणि लगेच घरी गेली.

मंगळवार, ६ मे
मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून काटा शून्यावर आणला. मग कार्डाला वीज आत येते त्या दोन टोकांवर ठेवल्या. काटा सरळ शून्यावर. म्हणजे शॉर्ट आहे, आत येणारी वीज आल्या पावली परत जाते. मोठ्या कपॅसिटरचा एक पाय कथलाचा डाग वितळवून उचलला. काटा शून्यावरच. डायोड उचलला. शून्यावरच. एकेक करून सगळे संशयित सोडून दिले. बिचारे निर्दोष.
सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा म्हणायच्या, मुलीने विजेला हात लावू नये. सिस्टर, लावला.

बुधवार, ७ मे
सापडलं! भाग एकही बिघडलेला नाही. कार्ड उलटं करून भिंग लावलं तर तांब्याच्या दोन रेघांवर आडवा पडलेला सोनेरी केस. चिमट्याने उचलला, काटा झटकन मागे. जरीचा धागा. खऱ्या जरीचा, आत तार असलेला.
पंपाच्या पेटीत हा धागा कुठून येणार? पेटीचा कोपरा चाचपला तर चोळीचा जरीकाठी खण, सुकलेलं लिंबू, तांदूळ. उमादेवीला विचारलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "शुक्रवारी बोअरची ओटी भरली, बाई. बाहेर ठेवली तर शेळ्या खातात, म्हणून आत ठेवली."
तीस घरं पाण्यावाचून, आणि कारण काय तर खण! जे सुचलं ते बोलले. शिकलेली असतीस तर, इथपर्यंत बोलले. ती खण-तांदूळ पदरात गोळा करून आत गेली.
सगळे पाय पुन्हा डागले. उद्या कार्ड बसवायचं. साहेबरावांनी घरोघर निरोप दिला, घागरी काढून ठेवा.

गुरुवार, ८ मे
कार्ड बसवलं. बायका घागरी घेऊन रांगेत. बटण दाबलं तर लाल दिवा. पुन्हा दाबलं. लाल. गुरुलिंगने दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला, वर ओढला. कोरडा, वाळू चिकटलेला. "कार्ड झकास हाय, बाई," तो हळूच म्हणाला. "खाली पाणी न्हाई."
उमादेवी माझ्याशेजारी उभी होती. "पाडव्यापासूनच वाळू फेकत होती मोटार. लाल दिवा लागायचा, मी थांबून पुन्हा दाबायची. लोक घाबरतील म्हणून बोलले न्हाई. पाणी आटत चाललं होतं, बाई, म्हणून तर ओटी भरली."