आपल्या घराचं कार्ड

बाबा, तुमच्या लाडक्या देशातली एक डॉक्टरीणबाई रोज सकाळी माझ्यासमोर दंड पुढे करून बसते. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक डे केअर सेंटर आहे, तिथे मी नर्स आहे. अर्ध्या टेबलांवर आपली गुजराती, हैदराबादी मंडळी पत्ते कुटत बसतात आणि उरलेल्या टेबलांवर सोव्हिएत युनियन मोडल्यावर इकडे आलेले आजी-आजोबा बुद्धिबळ खेळतात. ही बाई मोल्दोव्हाची, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएतमधलीच, ऐंशीच्या पुढची. मी बीपीचा पट्टा बांधला की "फार घट्ट" म्हणून रोज मलाच शिकवते. तुम्हाला ती फार आवडली असती, आणि म्हणूनच मला ती आवडायला वेळ लागला.

मी जन्मायच्या आधी तुम्ही सहा महिने तिकडे ट्रेनिंगला गेलात आणि येताना सोलापूरला त्यांची पद्धत घेऊन आलात. डॉक्टरने दवाखान्यात माश्या मारत बसायचं नाही, वस्ती वाटून घ्यायची, घरोघर जायचं आणि प्रत्येक घराचं एक कार्ड ठेवायचं. दर गुरुवारी तुम्ही गिरणी कामगारांच्या चाळीत जायचात. कोणाच्या पोराला जंत, कोणाच्या सासूला दमा, सगळं तोंडपाठ. मी आठ वर्षांची आहे, गोवर आलाय, स्वयंपाकघरात आईच्या मागे गोधडीत पडले आहे आणि तुम्ही दारात चपला घालताय. मी म्हणते, "बाबा, आज नका ना जाऊ." तुम्ही माझ्या कपाळाला हात लावता. "बरी होशील तू. आज गुरुवार आहे ना." आईच्या भाकरी थापायचा आवाज तेवढा मोठा होतो. त्या दिवसापासून मी त्या चाळीचा, त्या कार्डांचा आणि तुमच्या त्या देशाचा जो दुस्वास करायला लागले, तो काही गेला नाही. माझा मुलगा हे ऐकून हसला. "आई, यू आर जेलस ऑफ अ कंट्री? सीरियसली?" हो बाबा, आहे मी जेलस.

तो देश मोडल्याची बातमी आली तेव्हा मी दहावीत होते. जेवताना म्हणाले, "बरं झालं, मोडला एकदाचा." तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "देश मोडला म्हणून तिथल्या माणसांची दुखणी थांबत नाहीत. आता त्यांच्या घरी कोण जाणार?" "आणि आपल्या घरी?" असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना मी सगळी कार्डं उलथीपालथी केली. अख्खी चाळ होती त्यात. आपल्या घराचं कार्ड नव्हतं. तो राग मी बॅगेत भरून इकडे आणला.

म्हणून त्या बाईला मी मुद्दाम खोदून विचारलं. तिकडचं वाईट ऐकायचं होतं मला. तिनेही हातचं राखलं नाही. पूर्वी वरून हुकूम यायचा, साथ आली तरी कागदावर येऊ देऊ नका. मग सगळं मोडलं. आधी इंजेक्शनच्या सुया गेल्या, मग पगार, मग तिच्याबरोबरच्या नर्सेस परदेशी म्हाताऱ्यांना सांभाळायला गेल्या. कारखाना बंद पडला तशी चाळिशीतली धडधाकट माणसं दारू पीत घरी बसली आणि एकेक करून गेली. त्यांच्या कार्डांवर शेवटची तारीख हिनेच घातली. दर निवडणुकीला नवा पुढारी त्याच पडक्या दवाखान्यासमोर फोटो काढून घ्यायचा. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. ऐकताना मला बरं वाटत होतं, हे लिहायलाही लाज वाटते.

त्याच भरात मी तिला तुमच्या गुरुवारांबद्दल सांगितलं. म्हटलं, "साऱ्या गावाचं कार्ड केलं, आमच्या घराचं तेवढं नाही." बाई हसायलाच लागली. "कसं करतील? स्वतःच्या घराचं कार्ड डॉक्टरने करायचंच नाही, आमच्याकडे सक्त नियम होता. आपल्या माणसाचा ताप एक तर जास्त वाटतो, नाहीतर कमी. आपलं घर शेजारच्या वस्तीच्या डॉक्टरला द्यायचं. तुमच्याकडे कोण यायचं?"

पट्ट्यातली हवा सोडायची राहूनच गेली. पलीकडच्या पेठेतल्या डॉक्टरकाकू यायच्या, बाबा. दर महिन्याला. "सहज आले गं," म्हणत पाटावर बसायच्या, शेंगाचटणी मागून घ्यायच्या, बोलता बोलता माझी जीभ बघायच्या, पापणी खाली ओढायच्या आणि जाताना पर्समधून काहीतरी काढून त्यावर लिहायच्या. गोवराच्या त्या गुरुवारीही तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात त्या दारात होत्या. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना आईच्या हातची शेंगाचटणी आवडते.

"वडिलांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?" बाईने विचारलं. जे तुम्ही मला जन्मात सांगितलं नाहीत, ते या परक्या बाईला तुम्हाला न बघताच ठाऊक होतं. मला तिचा इतका हेवा वाटला की पट्टा सोडवत मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, लहानपणीच." ती खूश झाली आणि तिने ते तिच्या सगळ्या टेबलाला सांगितलं. हे पत्र मी बीपीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, ते तिथेच राहील. इथे सगळ्यांना वाटतं, तुम्ही मला सगळं सांगायचात. मी अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही.