इस्त्रीचा प्रसंग

ता. ३ मार्च
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून तुझ्या वाटणीचे सिनेमे मी पाहते आहे. रविवारी एका दमात तीन पाहिले. पहिल्यात नायक दोन तास रुसलेला असतो. कशावरून, ते त्यालाही शेवटपर्यंत आठवलं नसावं. दुसरा भुताचा. भूत सोडून सगळ्यांची कामं चांगली. तिसरा आपल्या दादाचा. पडद्यावर संकलक म्हणून तुझ्या लेकाचं नाव आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. लोकांनी वळून पाहिलं. गच्चीवरचा पाठलाग झकास. पण म्हातारी मुलाच्या शर्टाला इस्त्री करत बसते, तिथे मला झोप लागली. खोटं कसं लिहू? सिनेमा तिथे लांबलाय.

दादासमोर हे वाचू नकोस, हिरमुसेल.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तो राहावा.
तुझी भाची

ता. ८ मार्च
चि. तराजूबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, वाचू नकोस हे कुणी पत्राच्या शेवटी लिहितं का? आपल्या घरी पत्र चहाच्या वेळी मोठ्याने वाचतात, ठाऊक आहे ना? मी आपली वाचत सुटले. दादा समोरच बिस्किट बुडवून बसला होता. ते कपातच राहिलं.

सिनेमा बाहेरगावी लागण्याआधी, अठरा तारखेपर्यंत, तो दहा मिनिटांनी छोटा करायला निर्मात्याने त्याला सांगितलाय. इस्त्रीला हात लावणार नाही म्हणून हा महिनाभर सगळ्यांशी भांडला. आता म्हणतो, घरचीच माणसं झोपतात, तर कापलेलाच बरा. मला जिना उतरता येत नाही, नाहीतर मीच जाऊन पाहिला असता. तू पुन्हा जा. गोडगोड लिहू नकोस. झोप आली तर आली म्हण. उत्तर थेट त्यालाच पाठव.

एका जागी बसून वैतागलेली,
तुझी आत्या

ता. १२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल पुन्हा पाहिला. मागच्या वेळी तो माझा दिवसातला तिसरा सिनेमा होता, हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी.

इस्त्री करून झालेल्या बाहीवरूनच म्हातारी पुन्हा इस्त्री फिरवते, ते मी पाहिलंच नव्हतं. काल पाहिलं आणि कळलं, शर्ट घालणारा येणार नाही, आणि तिला ते आपल्याआधी ठाऊक आहे. तो प्रसंग कापू नकोस. दहा मिनिटं हवीतच तर पाठलागातून घे. त्याचं मी कौतुक केलं होतं, ते परत घेते; तिसऱ्या गच्चीनंतर कोण कुणाच्या मागे लागलंय तेच कळत नाही. अर्थात कात्री तुझी.

एक लपवत नाही. मागच्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते. बसमध्ये कुणाला जरा सरका म्हणायचीही माझी छाती होत नाही, तुला माहीत आहे. पण म्हातारीने इस्त्री उचलली, तेव्हा मी वळून त्यांचा खांदा हलवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

राग एका पत्रापुरता पुरे. लोभ पुढेही असू द्यावा.
तुझी बहीण