फळ्यांवरचा चौथा ठोका

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

टक्. टक्. टक्. टक्.

पंचवटीतल्या शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो. आज साठ वर्षांनी तोच आवाज कानात आला — आणि कुठे, तर पिस्तुलाच्या रेंजवर! समोर सून नेम धरून उभी, आणि मी मागच्या बाकावर बसून थेट चौथीच्या वर्गात!

शुभांगी पोलिसात आहे. तिथल्या नेमबाजी संघाच्या निवडीत दोनदा हुकली, दोन्ही वेळा एका जागेने. यंदा जागा एकच. "नाना, या खेपेला नाही झालं तर परत नाव देणार नाही." म्हणून रजा टाकून हारुन सरांकडे रीतसर शिक्षण चाललंय. सर फौजेतून निवृत्त झालेले. मी रोज तिच्या स्कूटरवर मागे.

निशाणाशेजारी दिवा असतो. सात सेकंद लाल — हात खाली. तीन सेकंद हिरवा — हात वर, एकच गोळी. असं पाचदा. वेळ हाताशी असला की तिचा नेम सुईसारखा. पण ते तीन सेकंद आले की बोट हिसका देतं.

५ नोव्हेंबर

सर म्हणाले, "ताई, जल्दी हात उचला, जल्दी दाबू नका. उचलताना वाचवलेला वेळ बोटाला द्या."

वा! हे वाक्य वहीत उतरवून ठेवण्यासारखं. ठेवलं.

रात्रीची भाजी शिजेपर्यंत शुभांगी पाण्याची भरलेली बाटली धरून हात खाली-वर करत होती. ऐंशी वेळा. मी मोजत होतो.

७ नोव्हेंबर

सापडलं!

शाळेत असताना भुजंगप्रयात वृत्तात एक ओळ रचली होती — "उभा राहिला एकटा दूर तारा." दुसरी ओळ आजतागायत सुचली नाही. ती सावकाश म्हटली तर बरोबर सात सेकंद! घड्याळ लावून पाहिलं. चार गण, चार ठोके. चौथा पडला की हिरवा.

तिच्या कानांवर जाड टोप्या, म्हणून ऐकू जात नाही. पण माझा बाक आणि तिचे पाय एकाच लाकडी फळ्यांवर! मी टाच आपटली की तिच्या तळव्याला कळतं.

"नाना, तुम्ही पण ना!" हसली. पण करून पाहिलं. पन्नासात सत्तेचाळीस!!

१० नोव्हेंबर

सरांनी पकडलं. सगळ्यांसमोर.

"नाना, पाय बंद! ताई तुमच्या टाचेवर गोळी सोडताहेत. डोळा काय करतोय? झोपलाय?"

शेजारी जिजा भोये उभी होती. सुरगाण्याची, तीही पोलिसातच. त्या एका जागेवर हिचाही डोळा. भाताच्या खाचरात वाढलेली पोर, पाय रोवून उभी राहते. म्हणाली, "सर, नानांचं पण नाव लिवा ना चाचणीला!" सगळे हसले. मीही.

शब्द दिला. पाय हलणार नाही.

१२ नोव्हेंबर

ठोक्याशिवाय एकोणचाळीस. शुभांगी न जेवता झोपली.

१४ नोव्हेंबर

त्रेचाळीस. जिजाचे सेहेचाळीस.

१६ नोव्हेंबर, रविवार

झाली! शुभांगी संघात!

शेवटच्या फेरीआधी जिजा एका गुणाने पुढे होती. शेवटच्या पाच गोळ्यांत शुभांगी सेहेचाळीस, जिजा चव्वेचाळीस. एका गुणाने आपली पोर वर!

त्या फेरीत माझा पाय आपोआप हलला. सवयीने. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१७ नोव्हेंबर

काल खोटं लिहिलं. पाय हलला नाही. मी हलवला.

१८ नोव्हेंबर

अर्धंच लिहून वही मिटली होती. आज उरलेलं.

शेवटच्या गोळीला चौथा ठोका उशिरा पडला. टाच म्हातारी झाली — दुसरं काय! हिरवा लागून गेला होता, दोघींचे हात वर, दोघींचे पाय त्याच फळ्यांवर. जिजाच्या आधीच्या चारही गोळ्या नऊ-दहावर होत्या. ही गेली सहावर. तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि पायाखालच्या फळीकडे पाहिलं. मी पाहिलं ते. पाहून दुसरीकडे बघितलं.

अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं ग्राइंडिंग मशिनवर काढली. शेजारचं मशिन हादरलं की आपल्या जॉबवर, घासत असलेल्या लोखंडावर, लाटा उठतात — नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. मी!

आणि शुभांगी आज पेढा भरवून काय म्हणाली? "नाना, तुम्ही शब्द पाळलात. ठोका नव्हता, तरी जमलं मला. नुसता नेम दिसत होता, बाकी काही कळलंच नाही."

म्हणजे तिला माझ्या ठोक्याची गरजही नव्हती. तिच्यापर्यंत तो पोहोचलाही नाही.

उरलेला पेढा परत खोक्यात ठेवला.

१९ नोव्हेंबर

सरांना फोन लावला. उचलायच्या आत ठेवला.

२० नोव्हेंबर

दुपारी कडी वाजली. दारात जिजा! ड्युटीच्या कपड्यांत, हातात फुलांचा पुडा. "ताईंना द्याया आले." आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभी.

"नाना, एक इचारू? सर म्हणतात तुझा हात कापला. मला वाटतंय पायाखाली हाललं. तुम्ही मागंच बसला व्हता. नाय हाललं म्हणा — मंग मी हा नादच सोडते. माझ्यात दम नाय म्हणायचं."

शुभांगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती.

"हललं," मी म्हणालो. "शुभांगी, तूही बस."